वुजूचं पाणी आणि नहरीचा हिशेब

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मित्र-मैत्रिणींनो, पर्यावरण आणि इस्लाम या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. विषय मोठा आहे. पण मी त्याची सुरुवात नळापासून करणार आहे.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी रोज पाणी येतं? हात वर करा. बघा, फार थोडे हात आहेत. आता दुसरा प्रश्न. चार-पाच दिवसांनी पाणी आलं की ते भरतं कोण? हसू नका. अम्मी भरते, बहीण भरते, भाभी भरते. रात्री दोन वाजता पाणी आलं तरी उठतात त्याच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते आणि पाणी लांबलं होतं. माझी आई तांब्याने वुजू करत होती आणि खाली परात ठेवली होती. परातीतलं पाणी तिने कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. मी नुकताच मशिदीतून नमाज पढून आलो होतो. तिने सहज विचारलं, "तू किती पाण्यात वुजू करून आलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी नळ पूर्ण सोडला होता, बाह्या दुमडेपर्यंत तो वाहत होता, शेजारच्याशी बोलतानाही वाहत होता. घरात आई तांब्या मोजते आणि मुलगा अल्लाहच्या घरात बादल्या वाहून घालवतो. त्या दिवसापासून हा हिशेब माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आपला दीन याबद्दल काय सांगतो? प्रेषित मुहम्मद (स.) एका 'मुद'भर पाण्यात वुजू करत, असं हदीसच्या सर्वांत विश्वसनीय संग्रहांमध्ये आलं आहे. मुद म्हणजे आजच्या मापात साधारण पाऊण ते एक लिटर. आता तुमच्या मशिदीतल्या नळाखाली बादली ठेवून एकदा मोजा. नळ मिनिटाला सहा लिटर सोडत असेल आणि तुम्ही दोन मिनिटं घेत असाल, तर एका वुजूला बारा लिटर झाले. पाच वेळचे साठ. खाण्यापिण्यात हद्द ओलांडू नका, अल्लाहला इसराफ म्हणजे उधळपट्टी आवडत नाही, हे कुरआन सांगतं. नदीकाठी बसलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, हे आपण मदरशात लहानपणी ऐकलेलं असतं. मग ते विसरलो कुठे?

मला वाटतं, आपण शिकवण विसरलेलो नाही. ती शिकवण ज्या व्यवस्थेत जिवंत होती, ती व्यवस्था विसरलो आहोत. आणि ती आपल्या मराठवाड्यातच होती.

औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी हे शहर वसवलं. अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच्यासोबत मालोजी आणि शहाजी भोसल्यांसारखे मराठे सरदार होते. शहर वसवायचं तर पाणी हवं, आणि खाम नदी काही बारमाही भरून वाहणारी नाही. मग त्याने उत्तरेकडच्या डोंगरउताराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. फक्त जमिनीचा उतार नीट ओळखलेला. नहर जमिनीखाली असल्याने उन्हात पाणी उडून जात नाही. मध्ये मध्ये माणूस उतरून गाळ काढू शकेल अशी तोंडं ठेवलेली. हीच नहर-ए-अंबरी.

पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी अशाच एका नहरीचं पाणी आलं आणि पाणचक्की उभी राहिली. तुम्ही तिथे सहलीला गेला असाल, फोटोही काढले असतील. पुन्हा जाल तेव्हा त्या पाण्याचा प्रवास बघा. उंचावरून पडणारं पाणी जातं फिरवायचं, त्या जात्यावर फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. मग तेच पाणी हौदात. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यात ते दालन थंड. आणि उरलेलं पाणी खाम नदीला परत. एकाच पाण्याने दळण झालं, वुजू झाला, गारवा मिळाला. आज आपण ज्याला पाण्याचा पुनर्वापर म्हणतो, तो तिथे रोजचा रिवाज होता.

आता वक्फचं बघा. वक्फ म्हटलं की आज आपल्याला कोर्टकचेरी आणि जमिनीचे वाद आठवतात. पण मुस्लिमांच्या इतिहासातल्या पहिल्या वक्फांपैकी एक विहीर आहे. मदिनेत गोड्या पाण्याची टंचाई होती तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेतली आणि सगळ्यांसाठी मोकळी केली. गरीब, श्रीमंत, वाटसरू, सगळ्यांसाठी.

फिक्हमध्ये आणखी एक शब्द आहे, हरीम. विहिरीभोवती काही अंतर राखीव ठेवायचं, तिथे दुसऱ्याने विहीर खोदायची नाही, कारण पहिल्या विहिरीचं पाणी तुटेल. आणि महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने काय केलं? सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केली. शतकांचं अंतर आहे, पण शहाणपण एकच आहे. आणि आपण काय करतो? शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतली की आपण तीनशे फूट घेतो. नहरींना खालून पाणी मिळणार कुठून? वरून बांधकामं, आत कचरा, खालून बोअर. नहरी शत्रूने फोडल्या नाहीत, आपणच बुजवल्या.

कुणी म्हणेल, ही आपली विरासत, तिचा अभिमान बाळगा. जरूर बाळगा. पण नहरीचं पाणी पिणाऱ्याला त्याची जात-जमात कुणी विचारली नव्हती. ज्या जायकवाडीचं पाणी आज शहर पितं, तिच्या जलाशयाचं नाव नाथसागर आहे. पैठणच्या एकनाथांची कथा तुम्ही शाळेत वाचली असेल. रामेश्वरासाठी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. आणि आपल्या हदीसमध्ये तो माणूस आहे, जो विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणतो आणि तहानलेल्या कुत्र्याला पाजतो, आणि अल्लाह त्याला माफ करतो. या मातीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या गेल्या. पाण्याचा प्रश्न आपण एकट्याने सोडवू शकत नाही, आणि एकट्यासाठी तर मुळीच नाही.

मग करायचं काय? मी तीन कामं सांगतो. तिन्ही तुमच्या हातातली आहेत.

पहिलं, मोजा. एका जुम्याला बादली आणि घड्याळ घेऊन वुजूखान्यात उभे राहा. आकडा फळ्यावर लिहा. कुणालाही टोमणा मारू नका, आकडा बोलेल. नळाला कमी धार देणारी तोटी बसवायला फार खर्च येत नाही.

दुसरं, वुजूचं पाणी गटारात सोडू नका. त्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण झाडाला ते चालतं. शोषखड्डा खणा किंवा झाडं लावा. झाड लावणं हा सदका आहे. त्याचं फळ पाखराने खाल्लं तरी सवाब लावणाऱ्याला मिळतो.

तिसरं, मशिदीचं छत. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरा. दोनशे चौरस मीटरचं छत असेल तर १ लाख ४० हजार लिटर. त्यातलं काही वाया जाईल, तरी लाखभर लिटर जमिनीत मुरवता येईल. त्या पाण्याने मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्याच विहिरी-बोअरना आधार मिळेल, शेजारच्या मंदिराच्या आडालासुद्धा.

विरोध होईल. मी आमच्या मोहल्ल्यात ही गोष्ट काढली तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, अल्लाहच्या घरात पाण्याचा हिशेब ठेवायचा?" मी अदबीने म्हटलं, "चाचा, पाणी अल्लाहचंच आहे, म्हणून तर हिशेब द्यावा लागेल." ते गप्प बसले. पटलं की नाही, माहीत नाही. तोट्या बदलायला सहा महिने लागले. त्यासाठी वर्गणी काढली तेव्हा पहिली नोट त्यांचीच होती.

अमानत हा शब्द आपण फार वापरतो. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला दिलेली. जमिनीखालचं पाणी तुमच्या नातवंडांचं आहे, ते आज तुमच्याकडे ठेवलेलं आहे. मलिक अंबरने नहर बांधली तेव्हा तुमचा-माझा जन्म व्हायला चारशे वर्षं होती. तरीही ते पाणी आपल्यापर्यंत आलं.

आज इथून घरी जाल तेव्हा असरची वेळ झाली असेल. वुजूला बसाल, नळ सोडाल. तेव्हा घरी तांब्या मोजणारी तुमची अम्मी आठवा, आणि नळ थोडा बंद करा.