हिरव्या स्क्रीनमागचा बर्फ

उरणहून बोलतोय. उलव्याचं विमानतळ शेजारीच आल्यापासून एक प्रश्न हमखास येतो: ‘विमानात रडार असतं ना, मग पावसाळी ढगांना घाबरायचं कशाला?’

कारण रडारला सगळं सारखं दिसत नाही. जूनमध्ये खाली आपण घामाने भिजलेले असतो, पण साधारण ५ किलोमीटर वर पारा शून्यावर येतो. विमान जातं १०-११ किलोमीटरवरून. तिथे वादळी ढगाच्या माथ्यावर असतो तो मुख्यतः बर्फाचा चुरा.

आता गणित बघा. कणाकडून परत येणारा सिग्नल त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. १ मिलिमीटरचा एक कण फोडून ०.१ मिलिमीटरचे १००० कण करा. वजन तेवढंच, पण सिग्नल हजारपट कमी! त्यात बर्फ पाण्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा सिग्नल परतवतो. मग स्क्रीनवर दिसतं हिरवं, नाहीतर काहीच नाही.

१ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्स ४४७. अटलांटिकवरच्या वादळी पट्ट्यात बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या चोंदल्या, ऑटोपायलट सुटला आणि पुढे वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. २२८ माणसं गेली.

मग हा बर्फ मोजायचा कसा? शास्त्रज्ञ सरळ ढगातच शिरले. २०१४ ला ऑस्ट्रेलियातलं डार्विन, २०१५ ला फ्रेंच गयानातलं कायेन. फाल्कन २० विमानावर ‘रास्ता’ नावाचं रडार, लहरीची लांबी ३ मिलिमीटर. प्रवासी विमानातल्या रडारची असते ३ सेंटीमीटर. बारीक कणाला बारीक लहर! सोबत आणखी एक यंत्र, ते हवा आत ओढून बर्फाची वाफ करायचं आणि ती वाफ मोजायचं. म्हणजे रडारचा अंदाज आणि खरं उत्तर एकाच उड्डाणात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत टेस्ट केस सोबतच. काही ठिकाणी घनमीटरमागे २-३ ग्रॅम बर्फ सापडला. ऐकायला चिमूटभर, पण मोठं जेट इंजिन सेकंदाला शेकडो घनमीटर हवा गिळतं.

आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएमने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत ढगात विमान नेलं. २०१८-१९ ला मुक्काम सोलापूरला होता. तिथे प्रश्न कृत्रिम पावसाचा होता. कण मोजणारी यंत्रं विमानावर, रडार जमिनीवर. कोकणातल्या ढगांसाठी रडारही विमानात चढवायला हवं, असं मला वाटतं. गयानाच्या ढगांवरून काढलेलं सूत्र रायगडच्या ढगांना जसंच्या तसं लागेल, असं धरून कोड लिहायला मी तरी तयार नाही.