बाटली कोणी मागितलीच नव्हती

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे विमानाचा. आपल्याला एसटीत बसायला जागा मिळेना आणि ही बाई विमानाचं काय सांगत बसलीय! पण आपल्या भागाकडं बघा. खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत गेलेली आहेत. कुणाचा नवरा फौजेत आहे. आपल्या लेकी-सुना पोरं घेऊन तिकडं जातात, येतात. एरवी रेल्वेच. पण लेकरू आजारी असलं की घरचे म्हणतात, एवढा लांबचा प्रवास नको, पैसे गेले तर गेले, विमानानं पाठवू. म्हणजे आपली बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानतळाची पायरी चढते ती बहुतेक वेळा कडेवर आजारी लेकरू घेऊनच.

अशीच आपल्या एका गटातली सून. तिचं नाव सांगत नाही, पण हे सांगायला तिनंच मला परवानगी दिली आहे. मुलगा चार वर्षांचा. त्याला आकडी येते, म्हणजे फिट. सकाळी आठ आणि रात्री आठला पातळ औषध, एक वेळही चुकवायची नाही. औषध चांगलं लागू पडलं होतं. १४ महिने आकडी नव्हती. दोन वर्षं अशीच गेली तर औषध हळूहळू कमी करायचं बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजत होती.

नवरा कोचीला. ती पोराला घेऊन संध्याकाळच्या विमानानं निघाली. औषधाची २०० मिलीची बाटली हातातल्या पिशवीत ठेवली होती, हे बरोबरच केलं. डॉक्टरांची फाईल मात्र जड म्हणून घरी ट्रंकेत राहिली. तपासणीच्या रांगेत तिच्या पुढच्या माणसाची तेलाची मोठी बाटली जवानानं बाजूला काढून ठेवली. हिनं ते बघितलं. आता आपलीही काढणार, चारचौघांत विचारणार, आपल्याला हिंदी धड येत नाही, मागं रांग खोळंबलेली. तिनं गुपचूप पिशवीतून बाटली काढली आणि शेजारच्या डब्यात टाकून दिली.

कोणी मागितली नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं.

उतरून घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. जवळपासची दुकानं बंद. नवऱ्यानं एक उघडं दुकान शोधलं, तर ते म्हणाले, हे औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही. बरोबरच आहे त्यांचं. चिठ्ठी इकडं ट्रंकेत, सासूबाई झोपलेल्या, फोन लागेना. रात्रीचा डोस चुकला तो चुकलाच. पहाटे पोराला आकडी आली.

पोरगं आता चांगलं आहे. पण महिने मोजायचे ते पुन्हा एकपासून. वर्षभर तिनं हे सासरी कुणाला सांगितलं नाही. ‘बाटली प्रवासात फुटली’ एवढंच म्हणाली. परवाच्या मासिक बैठकीत, हप्ते गोळा करून झाल्यावर, ती एकदम बोलली आणि रडली.

मग मी माहिती काढायला बसले. विमानात हातातल्या सामानात पातळ वस्तू १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाहीत, असा सर्वसाधारण नियम आहे. तो आला कुठून? ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडं जाणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवून द्यायचा कट तिथल्या पोलिसांनी उघडकीला आणला. तेव्हापासून जगभर बाटल्यांवर नजर आली. सुरुवातीच्या दिवसांत इंग्लंडमध्ये बाळाचं दूध आयांना स्वतः चाखून दाखवावं लागत होतं. पण बघा, तेव्हासुद्धा दूध आणि गरजेचं औषध नेऊ देतच होते. आपल्याकडंही प्रवासात लागणारं औषध आणि बाळाचं दूध-खाणं यांना या नियमातून सूट आहे. बाटली १०० मिलीपेक्षा मोठी असली तरी. फक्त ते औषध आहे आणि या लेकराचं आहे, हे त्यांना पटलं पाहिजे. ते पटवतो डॉक्टरांचा कागद.

त्या कागदावर जरा जास्त बोलते, कारण सगळं तिथंच अडतं. आपल्याकडं दवाखान्यात नाव काय सांगतात? ‘बाळू’, ‘पिंट्या’, ‘सोनी’. आणि तिकिटावर आधार कार्डावरचं नाव. म्हणजे चिठ्ठी एकाची आणि पोर दुसरंच! डॉक्टरांना सांगा, कागदावर पूर्ण नाव लिहा, तिकिटावर आहे तसंच. औषधाचं नाव वाचता येईल असं लिहा, किती द्यायचं, कधी द्यायचं तेही लिहा. सही, शिक्का, तारीख. दोन झेरॉक्स काढा. एक औषधाबरोबर, एक मोठ्या बॅगेत. हुशार पोरी म्हणतील, मोबाईलमध्ये फोटो आहे की. असू द्या, तो दुकानदाराला दाखवायला उपयोगी पडतो. पण तपासणीच्या वेळी मोबाईल ट्रेमध्ये ठेवून मशिनीत घालावा लागतो. नेमका कागद दाखवायच्या वेळी तो तुमच्या हातात नसतो.

दुसरं, औषध त्याच्या मूळ बाटलीतच न्या, लेबल न काढता. आपल्या बायकांना बाटल्या बदलायची भारी सवय. मोठी बाटली नको म्हणून जुन्या खोकल्याच्या बाटलीत तापाचं औषध ओततो. तपासणारा ते कशावरून ओळखणार? आणि त्याहून मोठा धोका घरातच आहे. तापाचं पॅरासिटामॉल पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच २५० मिलिग्रॅमचंही मिळतं. तान्ह्याचे थेंब तर त्याहून कडक. लेबल गेलं की दुप्पट डोस जायला वेळ लागत नाही. बाटलीबरोबरचं मापाचं झाकणही घ्या, घरातले चमचे सारखे नसतात. पाणी घालून ढवळायची पावडरवाली औषधं असतात, ती एकदा कालवली की थोडेच दिवस टिकतात, पुष्कळशी सातच दिवस. औषध उतरल्यावरच सुरू करायचं असेल तर तिथं गेल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा.

ओव्याचा अर्क, काढा, आजीनं दिलेलं तेल, यांना डॉक्टरांचा कागद नसतो, त्यामुळं सूट मागता येत नाही. ते मोठ्या बॅगेत टाका. पाऱ्याचा थर्मामीटर हातातल्या पिशवीत नको, बटणाचा घ्या. इन्सुलिन घेणाऱ्या लेकरांचं इन्सुलिन आणि सुया कागदासकट जवळच ठेवा. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, तिथं इन्सुलिन गोठलं तर वाया गेलं. बर्फाच्या पिशवीतून नेत असाल तर मध्ये रुमाल गुंडाळा, बर्फाला टेकवू नका. आणि कुठलंही रोजचं औषध त्या मोठ्या बॅगेत घालू नका. बॅग कधी मागच्या विमानानं येते, कधी दुसऱ्याच गावी जाते.

आता प्रत्यक्ष तपासणी. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पिशवी मशिनीतून जाते, बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. पिशवी मशिनीवर ठेवायच्या आधी औषध आणि कागद वेगळे काढा, ट्रेमध्ये वर दिसतील असे ठेवा आणि आपणहून बोला. जवान कुठल्या राज्यातला असेल सांगता येत नाही, म्हणून हिंदीत हे एक वाक्य पाठ करा. ‘बच्चे की दवाई है, ये डॉक्टर का कागज़ है।’ बास. त्यांनी बाटली हातात घेतली, पुन्हा मशिनीत घातली, उघडायला सांगितली, तर सांगू द्या. ते त्यांचं काम. ‘नाही चालणार’ म्हणाले तरी लगेच डब्यात टाकू नका. ‘बड़े साहब से पूछिए’ म्हणा आणि बाजूला उभ्या राहा. मागच्यांना उशीर झाला तर होऊ दे. ग्रामसभेत आपण माईक सोडत नाही, मग इथंच का?

जायच्या आधी डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगून लेकरू विमानानं न्यायला योग्य आहे का ते विचारा. नुकतीच आकडी आलेली असेल, ऑपरेशन झालेलं असेल तर तसं लिहून घ्या, विमानवाले मागू शकतात. गोवर, कांजिण्या अंगावर असतील तर ते बसू देत नाहीत आणि आपणही नेऊ नये. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा बाळाला पाजा, मोठ्याला घोट घोट पाणी द्या.

दुबईला जाणाऱ्या एक-दोघी आहेत आपल्यात. त्यांनी नीट ऐका. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते तिकडं परवानगीशिवाय चालत नाही. आणि लाडवासाठी खसखस अजिबात नेऊ नका, तिकडं तो गुन्हा आहे.

तर ती आपली सून. गेल्या महिन्यात पुन्हा कोचीला गेली. आदल्या रात्री तिनं मला फोनवर ते हिंदी वाक्य तीन वेळा म्हणून दाखवलं. तपासणीला एक बाई जवान होती. हिनं बाटली आणि कागद पुढं केला, वाक्य म्हटलं. त्या बाईनं कागद बघितला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘अब ठीक है न?’ म्हणाली आणि बाटली परत दिली. रात्रीचे आठ विमानातच वाजले. तिनं झाकणानं मोजून औषध दिलं.

ज्यांच्या घरी रोजच्या औषधावरचं लेकरू आहे, त्यांनी येत्या बैठकीला फाईल घेऊन या. तालुक्याला जाताना झेरॉक्स मी काढून आणीन. पैसे गटाच्या किरकोळ खर्चातून घालू, अध्यक्षांशी बोलून ठेवलं आहे.