नाविक : कक्षेचे आणि काळाचे गणित



भारताच्या ‘नाविक’ या प्रादेशिक दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा उपग्रह सोडण्यात आला. पीएसएलव्ही हा प्रक्षेपक उपग्रहाला केवळ लंबवर्तुळाकार कक्षेत, म्हणजे पृथ्वीपासून कमीत कमी २८४ आणि जास्तीत जास्त २०,६५० किलोमीटर अंतर राखणाऱ्या मार्गावर सोडत असे; तेथून सुमारे ३६,००० किलोमीटर उंची गाठण्यासाठी कर्नाटकातील हासन येथील केंद्रातून आज्ञा देऊन उपग्रहाचे स्वतःचे इंजिन टप्प्याटप्प्याने प्रज्वलित केले जाई. मूळ रचनेतील सातांपैकी तीन उपग्रह भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारे, तर उरलेले चार विषुववृत्ताशी २९ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षांत फिरणारे होते. भारत आणि भोवतालचा १,५०० किलोमीटरचा पट्टा एवढेच सेवाक्षेत्र ठरवल्यामुळे इतक्या थोड्या उपग्रहांत काम भागवता आले, हे नियोजन विशेष दाद देण्याजोगे आहे.

या प्रणालीचा प्राण मात्र घड्याळात आहे. उपग्रहाकडून निघालेला संकेत किती वेळात पोहोचला यावरून ग्राहकयंत्र अंतर काढते आणि प्रकाशाच्या वेगाने जाणारा संकेत सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ३०० मीटर कापत असल्याने तेवढी चूकसुद्धा जहाजाला खडकावर नेऊ शकते. म्हणून रुबिडियम अणूच्या ठरावीक कंपनसंख्येवर चालणारी तीन आण्विक घड्याळे मूळ सातांपैकी प्रत्येक उपग्रहात बसवलेली होती. पहिल्या उपग्रहातील ही तिन्ही परदेशी बनावटीची घड्याळे बंद पडली. उपग्रह धडधाकट होता, संदेश पाठवू शकत होता, परंतु स्थान सांगण्याच्या कामी निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाठवलेला उपग्रह, वातावरणातील घर्षणापासून रक्षण करणारे हीट शील्ड हे कवच न उघडल्याने, त्या कवचातच अडकून राहिला; ती उणीव एप्रिल २०१८ मध्ये दुसऱ्या उपग्रहाने भरून काढली.

या धड्यांतूनच अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात स्वदेशी रुबिडियम घड्याळ घडले आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या २,२३२ किलो वजनाच्या उपग्रहातून ते अवकाशात गेले. प्रक्षेपणाच्या ज्वाळा दूरदर्शनवर दिसतात, घड्याळ दिसत नाही. तरीही स्वावलंबनाच्या दृष्टीने त्याचे मोल कोणत्याही उड्डाणाहून कमी नाही, कारण मोबाइलच्या टप्प्याबाहेर खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमाराचे ठिकाण याच घड्याळाच्या भरवशावर ठरणार आहे.

२९ जानेवारी २०२५ रोजी नाविकचा पुढचा उपग्रह एनव्हीएस-०२ सोडण्यात आला. श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण होते आणि प्रक्षेपकाने आपले काम चोख बजावले. परंतु उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळण्यासाठी लागणारे द्रव्य, पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह नियोजित कक्षेपर्यंत जाऊ शकला नाही. द्रवगतिकी, नियंत्रणशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकणाऱ्या या सभागृहातील विद्यार्थ्यांसमोर त्या झडपांचा प्रश्न आदराने ठेवण्यात येत आहे.