एंजल फिश अचानक अंगावर धावायला लागला तर?

या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. आवाज अगदी रडवेला. "दादा, आठ महिने माझे चारही एंजल गुण्यागोविंदाने राहत होते. कालपासून एक जण बाकीच्यांना नुसता झोडपतोय. एकाचे पर फाटलेत, तो वरच्या कोपऱ्यात हीटरमागे लपून बसलाय, खातही नाही. या मारकुट्याला तलावात सोडून देऊ का?"

नको गं, तलावात नको. त्याकडे येतोच.

आधी एक लक्षात घ्या. नाव एंजल असलं तरी हा मासा कुळाने सिक्लिड. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांचा भाऊबंद. आणि भाऊबंद म्हटले की जागेवरून वाद आलाच! लहानपणी ते घोळक्याने फिरतात. साधारण आठ-दहा महिन्यांचे झाले की वयात येतात, जोडी जमते आणि जोडीला स्वतःची जागा लागते. त्यामुळे 'आठ महिने' हे ऐकल्यावर माझी पहिली शंका तीच.

टॉर्च घ्या आणि फिल्टरचा पाइप, रुंद पानं, उभी काच नीट बघा. पिवळसर, मोहरीहूनही बारीक ठिपके रांगेत चिकटलेले दिसले तर ती अंडी. माझ्याकडची जोडी तर इतकी झाडं सोडून दरवेळी पाइपच पकडते. दोघं आळीपाळीने परांनी वारा घालतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. माझ्या बोटावरसुद्धा. हा माज नाही, राखण आहे. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पुढे चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. नवखी जोडी बऱ्याचदा आपलीच अंडी खाऊन टाकते आणि टँक एकदम शांत होतो. त्या शांततेवर विसंबू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी, पुन्हा मारामारी.

अंडी नाहीत? मग पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. एप्रिल-मे मध्ये पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे चिडचिडे होतात. नवीन मासा आणलाय का? मागची काच काळी असेल तर त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का? हसू नका. निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाच्या लायडनच्या प्रयोगशाळेतले स्टिकलबॅक नर खिडकीबाहेरून जाणारी पोस्टाची लाल गाडी बघून चवताळायचे, कारण त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं पोट लाल असतं. याच टिनबर्गनना 1973 मध्ये नोबेल मिळालं.

आता आज रात्री काय करायचं? मार खाणाऱ्याला आधी बाजूला काढा. त्याच टँकचं पाणी घेऊन वेगळ्या भांड्यात, एअर स्टोन लावून. पाणी स्वच्छ असलं तर फाटलेले पर पुन्हा भरून येतात. मधली काडीच मुळापासून गेली असेल तर मात्र कठीण. दुसरा डबा नसेल तर टँकमध्येच प्लास्टिकची जाळी उभी करा, अंड्यांवाली जोडी एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या.

अंडी नसताना एकच दादागिरी करत असेल तर उलटं करा. दादालाच तीन-चार दिवस वेगळा ठेवा, तोवर दगड-झाडं हलवून टँकची मांडणी बदला. परत येईल तेव्हा त्याची जुनी हद्दच शिल्लक नसते. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही, पण मला हा उपाय आवडतो, कारण खर्च शून्य.

आता तलाव. 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया आज आपल्या कितीतरी नद्या-तलावांत स्थानिक माशांच्या जागा बळकावून बसलाय. घरच्या टँकमधला सकरही असाच सुटलाय, त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. तुमचा एंजल तिथे बहुधा मरेल. जगला तर त्याहून वाईट. नकोच असेल तर दुकानदाराला विचारा, जमलेली जोडी बरेच जण आनंदाने परत घेतात.

आणि दोन फुटी टँकमध्ये चार मोठे एंजल असतील, तर अंडी असोत-नसोत, जोडी सोडून बाकीच्या दोघांसाठी दुसरं घर आजपासूनच बघायला लागा.