आधी पहार मारा, मग पाकीट फोडा

(बुलडाणा जिल्ह्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीला घाटाखालचे शेतकरी आहेत, घाटावरचेही आहेत. पण आज आम्ही बोलणार आहोत ते या दोघांच्या मधल्यांबद्दल. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उतारावर ज्यांची वावरे आहेत, त्यांच्याबद्दल. वखर घातला की फासेला दगड लागतो, ज्या रानाला आपण बरड म्हणतो, मुरमाड म्हणतो, त्या रानातल्या शेतीबद्दल. अशी जमीन फक्त बुलडाण्यात नाही. बालाघाटावर आहे, सातमाळ्यावर आहे, यवतमाळच्या टेकड्यांवर आहे.

आधी आमची एक चूक कबूल करतो. २००२ साली आम्ही शेतकीची पदवी घेऊन बाहेर पडलो. बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती त्याच वर्षी. पुढे एका प्रकल्पात प्रात्यक्षिके घालण्याचे काम मिळाले. हातात शिफारशीचा छापील कागद होता. अंतर किती, युरिया किती, फवारण्या किती, सगळे त्यात लिहिलेले. तो कागद आम्ही खालच्या काळ्या रानात वाचून दाखवला आणि वरच्या बरडातही तोच वाचला. उतारावर तीन एकर असलेल्या एका माउलीने आमच्यावर विश्वास टाकला. उसनवारी करून पाकिटे आणली, खत आणले. पऱ्हाटी कमरेला लागली, पाती भरली आणि पावसाने दडी मारली. दहाव्या दिवशी पाने लोंबली, पंधराव्या दिवशी पाती-फुलांचा सडा पडला. खाली नाल्याकाठच्या वावरात तेच वाण, तेच खत. पण तिथली कपाशी हिरवीगार उभी.

आम्ही म्हटले, आई, डवरणी कमी पडली असेल. ती काही बोलली नाही. घरातून पहार आणली आणि वावराच्या मधोमध मारली. वीतभर जाऊन पहार खणकन वाजली. ती म्हणाली, "साहेब, माती एवढीच हाये. तुमच्या कागदावर किती लिहिली हाये?"

कागदावर मातीची खोली लिहिलेलीच नव्हती. त्या दिवसापासून आम्ही शिकायला सुरुवात केली.

आता हिशेब पाहू. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो झाला. कुठे कठीण काळा दगड, कुठे मऊ मांजऱ्या, त्याचा झिजून झालेला मुरूम. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उतारावर ती टिकत नाही, पहिल्या वळवाबरोबर खाली जाते. खालच्या भावाचे वावर दोन पुरुष खोल आहे, त्यातली बरीच माती वरच्या भावाची आहे. म्हणून वरच्याचे रान हलके असणे हा त्याचा आळस नव्हे.

माती म्हणजे पिकाची पाण्याची टाकी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. वीतभर, म्हणजे नऊ इंच माती पिकाच्या उपयोगाचे ३०-३५ मिलिमीटर पाणी धरते. हातभर माती साधारण ६० मिलिमीटर धरते. दोन हात काळी माती दीडशे मिलिमीटर आणि त्याहून जास्त. बोंडे भरताना कपाशी दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पिते. भागाकार तुम्हीच करा. वीतभर रानात सात दिवस, हातभर रानात बारा दिवस, दोन हात रानात महिनाभर. २०२३ चा ऑगस्ट आठवा. जवळजवळ सारा महिना कोरडा गेला. त्या महिन्यात कोण तगले आणि कोण मोडले, हे कष्टांवर नाही, टाकीच्या मापावर ठरले.

वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो असे सांगून आपली समजूत काढली जाते. अहो, टाकीच पस्तीसची असेल तर सातशे पडून काय उपयोग? उरलेले पाणी वाहून जाते, आणि जाताना माती घेऊन जाते.

म्हणून पहिले काम खोली मोजण्याचे. वावरात वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी खड्डा घ्या. मुरूम लागेपर्यंतची माती मोजा. टेप नसेल तर आपली वीत आणि हात आहेच.

वीतभराच्या आत माती असेल तर तिथे कपाशीवर पैसा घालू नका. गवत, सीताफळ, बोर, फार तर हुलगा-मटकी. वीत ते हात असेल तर बाजरी, तूर, मूग, लवकर निघणारी पिके. हातभराच्या पुढे ज्वारी. लांब मुदतीच्या संकरित कपाशीला दोन हात माती हवी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण खोलीप्रमाणे वेगळे दिले आहेत. ३० सेंटिमीटरपर्यंत फुले अनुराधा, ६० पर्यंत फुले सुचित्रा, त्याहून खोल रानाला फुले वसुधा. म्हणजे खोलीप्रमाणे शिफारस करता येते. ज्वारीला जमते ते कपाशीला का जमू नये?

ज्यांना हातभर रानात कपाशीच घ्यायची आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० नंतर विदर्भातल्या हलक्या रानांवर दाट लागवडीचे प्रयोग केले. सूरज, पीकेव्ही ०८१ असे सरळ, आटोपशीर वाढीचे वाण, ६० बाय १० सेंटिमीटरवर. एकरी झाडे होतात ६६ हजारांच्या वर. १२० बाय ४५ वर लावलेल्या संकरित कपाशीची होतात साडेसात हजार. एका झाडाला पन्नास बोंडे भरायची तर पाणी लांबपर्यंत पुरले पाहिजे, ते हलक्या रानात पुरत नाही. त्यापेक्षा झाडागणिक पाच-सहा बोंडे लवकर धरून टाकी रिकामी व्हायच्या आत पीक घरात आणायचे. सरळ वाणाची सरकी घरची ठेवता येते, दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागत नाही. लवकर निघाल्यामुळे गुलाबी बोंडअळीच्या तडाख्यातूनही बरीचशी सुटते. मात्र बीटी नसलेल्या वाणावर हिरव्या बोंडअळीकडे डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि सरकी जास्त लागते. भारी रानात हे करू नका, तिथे झाडे माजतात.

तिसरे काम पाणी अडवण्याचे. पेरणी उताराला आडवी करा. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमधून सरी पाडा. त्याला एक पैसा लागत नाही. धुऱ्यावर गवत राहू द्या, ते पेटवू नका. आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले पाहिजे. २०१४ मध्ये जलयुक्त शिवार जाहीर झाले. आम्ही हिंडलो त्या बऱ्याच गावांत यंत्रे नाल्यात उतरली, नाला खोल झाला. वरचा उतार उघडाच राहिला. माती वरून येतच राहिली आणि खोल केलेला नाला भरत गेला.

आता ज्यासाठी ही बैठक आहे त्याकडे येतो. इंग्रजांनी १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई पद्धतीने जमिनीची मोजणी आणली. तिच्या १८४७ च्या नियमांत मातीची खोली चक्क हातात मोजायची होती. उत्तम काळी माती पावणेदोन हात असेल तर सोळा आणे प्रत, हातभर असेल तर दहा आणे, वीतभर असेल तर सहा आणे. उतार, दगडगोटे असले की प्रत आणखी खाली. सारा वसूल करायचा होता म्हणून सरकारने गावोगावी खड्डे घेऊन माती मोजली.

आज द्यायची वेळ आली की माती कुणी मोजत नाही. पीककर्जाचे दर पिकावर ठरतात, खोलीवर नाही. म्हणून बरडातला शेतकरी कपाशी लिहून देतो, कारण हुलग्यावर कर्ज किती मिळणार? विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या पीककापणीच्या सरासरीवर ठरते. मंडळात खालची काळी रानेही येतात आणि वरचे बरडही. कापणीचे प्रयोग काळ्या रानात जास्त पडले की सरासरी उंबरठ्याच्या वर राहते, आणि ज्याचे शंभर टक्के वाळले त्याला शून्य मिळते. घाटाखालच्या भावाला यात दोष नाही. त्याचेही नुकसान होते तेव्हा त्यालाही मिळालेच पाहिजे. पण दोघांना एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

म्हणून या बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो. पीककापणीचे प्रयोग हलक्या आणि भारी जमिनीचे वेगळे घ्या आणि वेगळे जाहीर करा. कपाशीची प्रत्येक शिफारस मातीच्या खोलीसह द्या. आणि बरडातल्या पिकांना, गवताला, सीताफळाला पोट भरेल असा कर्जाचा दर लावा.

नुसता ठराव करून मात्र चालणार नाही. साहेब विचारील, पुरावा काय? पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणायची. गट नंबर, तीन खड्डे, खोली किती, पेरले काय, पिकले किती, खर्च किती. दोनशे शेतकऱ्यांच्या अशा नोंदी टेबलावर ठेवल्या की बोलणे सोपे जाते. घरातल्या पोरांना लिहायला बसवा, खड्डा मात्र स्वतः घ्या.

त्या माउलीचे त्या वर्षीचे पैसे बुडाले ते बुडालेच. आम्ही तिला ते परत देऊ शकलो नाही. तिने पुढच्या हंगामापासून वरच्या एकरात गवत ठेवले, मधल्यात तूर आणि मूग घेतला, खालच्या पट्ट्यात ज्वारी. सावकाराकडे ती पुन्हा गेली नाही. येत्या मृगाच्या आधी आपल्या प्रत्येकाच्या वावरात पहार पडली पाहिजे, एवढेच मागणे मागून आम्ही थांबतो.