घरांचे भाव किती उतरतात?



घरांचा बाजार कोसळला की भाव किती खाली येतात? विकणारा म्हणतो, जागेचे भाव पडत नसतात, फार तर थांबतात. घेणारा म्हणतो, निम्म्यावर येऊ द्या, मग बघू. या दोघांनाही आज मी आयर्लंडला नेणार आहे. तिथे या प्रश्नाचे उत्तर बाजार पुरता कोसळण्याच्या आधीच छापून आले होते.

1995 साली आयर्लंडमध्ये सरासरी नवे घर औद्योगिक कामगाराच्या चार वर्षांच्या कमाईत येत असे. 2006 च्या अखेरीस त्याला दहा वर्षांची कमाई लागू लागली. सुरुवातीची वाढ खरी होती: रोजगार वाढले, युरोमुळे व्याज उतरले. पुढची वाढ मात्र कर्जाची. पहिले घर घेणाऱ्याला पूर्वी तीन वर्षांच्या कमाईएवढे कर्ज पुरे, ते आठ वर्षांच्या कमाईवर गेले. जेमतेम 42 लाख वस्तीच्या देशात वर्षाला सुमारे 90 हजार घरे उभी राहू लागली.

2007 च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले अर्थतज्ज्ञ मॉर्गन केली यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. 1970 पासून श्रीमंत देशांत घरांचे भाव कसे चढले आणि उतरले, हे त्यांनी तपासले होते. निष्कर्ष असा, की महागाई वजा केली तर चढात जे मिळाले त्यातले साधारण 70 टक्के उतारात जाते.

याचा हिशेब करून पाहा. शंभराचे घर एकशेवीसवर गेले असेल, तर कमाई वीस. त्यातले चौदा जातील आणि घर एकशेसहावर येईल. घसरण बारा टक्क्यांच्याही आत. पण शंभराचे तीनशे झाले असतील, तर दोनशेतले एकशेचाळीस जातील. घर एकशेसाठवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येईल. नियम एकच, पण दुसरा चढ मोठा, म्हणून दुसरा उतार खोल. आयर्लंडचे भाव आठ-नऊ वर्षांत 40 ते 60 टक्के उतरू शकतात, असे केलींनी लिहिले. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी अर्थव्यवस्थेबद्दल रडगाणे गाणाऱ्यांची जाहीर हजेरी घेतली होती.

प्रत्यक्षात 2007 ते 2013 च्या आरंभापर्यंत देशातले भाव सरासरी निम्म्यावर आले. डब्लिनमधले फ्लॅट तर सुमारे 60 टक्के उतरले. एरवी अशी घसरण सावकाश होते. मालक भाव सोडत नाही, वाट पाहतो. म्हणून आधी व्यवहार आटतात आणि भाव मागाहून येतो. आयर्लंडमध्ये मात्र ती वेगाने झाली, कारण बँकाच बुडायला आल्या. त्यांना सावरायला सरकारने सुमारे 64 अब्ज युरो घातले, आणि 2010 च्या नोव्हेंबरात देशासाठी 85 अब्ज युरोंची मदत योजना आखावी लागली.

आता विकणाऱ्याचे 'भाव फक्त थांबतात' हे म्हणणे पाहू. महागाई वर्षाला सहा टक्के असताना एखादा फ्लॅट पाच वर्षे त्याच भावाला राहिला, तर त्याची खरी किंमत पाव हिश्शाने घटलेली असते. करारनाम्यावर आकडा तोच दिसतो, म्हणून घसरण जाणवत नाही, एवढेच.

आणि वाट पाहणारा? भाव निम्म्यावर आले, तेव्हा आयर्लंडमध्ये बेकारी 15 टक्क्यांच्या आसपास होती आणि बँका हात आखडून होत्या. घर स्वस्त झाले, पण ते घेता आले ज्याच्या हाती रोख पैसा होता त्याला. नवी बांधकामे थंडावली. 2013 मध्ये जेमतेम साडेचार हजार घरे झाली. पुढे माणसे आणि रोजगार परतले, घरे मात्र अपुरी पडली. मूळ मालवण तालुक्यातल्या वराड गावचे असलेल्या कुटुंबातले लिओ वराडकर 2017 साली पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्यापुढचे एक मोठे संकट घरटंचाईचे आणि चढत्या भाड्यांचे होते. 2022 मध्ये भावांनी 2007 चे शिखरही ओलांडले.

तेव्हा उतार किती, हे बाजार कोसळण्याच्या दिवशी ठरत नाही. ते चढतानाच ठरत जाते. म्हणून आवर घालायचा तो चढाला. आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने 2015 पासून गृहकर्जाला वार्षिक उत्पन्नाच्या साडेतीन पटींची मर्यादा घातली. 2023 पासून पहिले घर घेणाऱ्यांसाठी ती चार पट केली. थोडे अपवाद सोडले, तर पूर्वीच्या आठ पटींची वाट बंद झाली. बँकेने घातलेली ही मर्यादा आपल्यालाही स्वतःपुरती घालून घेता येते. भाव ऐकताच विचारा: हे घर किती वर्षांच्या कमाईचे आहे, आणि दहा वर्षांपूर्वी किती वर्षांच्या कमाईचे होते? या दोन आकड्यांत जितके अंतर, तितका धोका.