टिकवायचं काय आणि लवकर विकायचं काय

आज आम्ही द्राक्षाच्या लाल वाईनबद्दल बोलणार आहोत. दारूच्या पायी किती घरं मोडली हे आपल्याला कुणी सांगायला नको, म्हणून आधीच स्पष्ट करतो: ही वाईन प्या असं सांगायला आम्ही आलेलो नाही. ती बनवणारे छोटे शेतकरी आपला माल कसा ठेवतात आणि कसा चाखतात, हे आपल्या गटांच्या कामाचं आहे. त्यासाठी हे बोलणं.

एक प्रश्न बैठकांमध्ये नेहमी येतो. 27 जानेवारी 2022 ला राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं टीव्हीवर बरंच ऐकू आलं. हे खरं का? खरं नाही. वाईनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. ती बनवायला आणि विकायला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. त्यामुळे जांभळाची किंवा द्राक्षाची वाईन घरी करून गटाच्या नावाने विकू, असा विचार कुणी करू नका. तो गुन्हा ठरतो.

आता शेतकऱ्याची बाजू बघू. राज्याने 2001 मध्ये द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिक भागात बऱ्याच शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली. ही द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची. खायच्या बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. 2008 च्या सुमारास मंदी आली, वाईनचा खप घटला, काही कारखान्यांनी द्राक्षं घेणं थांबवलं. कित्येकांना उभ्या वेली तोडाव्या लागल्या. गिऱ्हाईक एकच असलं आणि माल दुसरीकडे चालत नसला, की असं होतं. आपल्याकडेही एखादा व्यापारी "फक्त माझ्यासाठी पिकवा" म्हणाला, तर हे आठवा.

त्या धंद्यात जे छोटे उत्पादक आहेत, त्यांना हलकी लाल वाईन सोयीची पडते. का, ते समजून घेऊ. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढुरकाच असतो. लाल रंग येतो सालीतून. सालीतून तुरटपणाही येतो. जांभूळ खाल्लं की जीभ आवळून येते ना, तसाच. त्याला टॅनिन म्हणतात. साल रसात जास्त दिवस राहिली की वाईन गडद आणि तुरट होते. ती काही वर्षं ठेवली तर तुरटपणा मऊ होतो, चव सुधारते. साल थोडेच दिवस ठेवली, किंवा द्राक्षच पातळ सालीचं असलं, की वाईन हलकी होते. तिला ठेवून काही मिळत नाही. एक-दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत ती संपवावी. पुढे तिचा फळाचा वास उडून जातो.

फ्रान्समध्ये बोजोले नावाचा भाग आहे. तिथली नवी वाईन त्याच वर्षीच्या द्राक्षांची असते. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती विक्रीला येते आणि लोक ती काही महिन्यांत संपवतात. छोट्या शेतकऱ्याचा पैसा लवकर मोकळा होतो. मोठा कारखानदार माल चार वर्षं तळघरात ठेवू शकतो. छोट्याला कर्जाचा हप्ता भरायचा असतो.

हे जपून ठेवतात कसं? अंधारात, आणि 12 ते 15 अंशांच्या आसपास एकसारख्या गारव्यात. वाशिमचा मे महिना बाटलीला सोसवत नाही. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. आडवी बाटली म्हटल्यावर आपल्याला मतदान आठवतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकान बंद होतं. ते चिन्ह वेगळं आणि ही रीत वेगळी. पण बऱ्याच बाटल्यांवर वर्ष आणि ठिकाण लिहिलेलं असतं, ते मात्र आपण घ्यायला हवं.

आणि चाखणं. चाखणारे आधी रंग बघतात, मग वास घेतात, मग अगदी छोटा घोट तोंडात फिरवतात आणि थुंकून टाकतात. दोन वाईनच्या मध्ये पाण्याने चूळ भरतात. त्या दिवशी अत्तर लावत नाहीत. बाटलीवरचं नाव झाकून ठेवतात, म्हणजे जीभ नावाला भुलत नाही.

आता आपल्या मालाकडे या. हळकुंड नीट वाळवून कोरडं ठेवलं तर भाव येईपर्यंत थांबता येतं. तीच हळद दळली की वास उडू लागतो. मिरचीपूड उजेडात ठेवली की रंग फिका पडतो. म्हणजे हळकुंड साठवा आणि मागणी येईल तसं दळा. जुनं ते सोनं हे सगळ्याच मालाला लागू पडत नाही.

पुढच्या बैठकीत हे करून बघा. तीन ताटल्यांत हळद पूड घ्या: या हंगामाची, गेल्या वर्षीची आणि बाजारातली. ताटलीखाली आकडे लिहा, वर काही नको. प्रत्येकीने रंग बघायचा, वास घ्यायचा, चिमूटभर कोमट पाण्यात घालून चाखायची आणि आपलं मत दुसरीला न सांगता चिठ्ठीवर लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिने सचिवाच्या कानात सांगावं. शेवटी ताटल्या उलटून बघा. जिचा वास संपलाय, तो माल आधी काढा, थोडा भाव कमी मिळाला तरी. आणि आजपासून प्रत्येक पोत्यावर वावर, महिना आणि वर्ष लिहायला लागा.

चिठ्ठ्या गटाच्या वहीत चिकटवून ठेवा. व्यापारी भाव पाडायला बसेल, तेव्हा ती वही उघडा.